मुलाचें कुतूहल आणि साखरेचें पाणी

गेल्या उन्हाळ्याच्या आरंभीं, गळिताचा हंगाम संपत आला असतांना, शिरूरच्या बाजारांत पाहिलेली एक गोष्ट वाचकांपुढें ठेवावीशी वाटते. गोष्ट लहान आहे. परंतु तिच्यांतून निघणारा प्रश्न लहान नाहीं.

ऊसतोडीवर आलेलें एक कुटुंब आठवड्याचा बाजार करावयास आलें होतें. बाप पिठाच्या दुकानीं उभा होता, आई कांदे निवडीत होती, आणि सहा-सात वर्षांचा मुलगा शेजारच्या टपरीसमोर खिळल्यासारखा थांबला होता. टपरीवर गोड पेयाच्या लहान बाटल्या ओळीनें मांडल्या होत्या व त्यांच्या वेष्टनांवर डायनोसॉर नांवाच्या प्राचीन प्राण्यांचीं रंगीत चित्रें होतीं. मुलगा आईचा पदर ओढूं लागला. तिनें प्रथम नाहीं म्हटलें, मग दरडावलें. शेवटीं लोक पाहूं लागले, तेव्हां तिनें कनवटीची दहा रुपयांची नोट काढून दिली आणि निवडलेल्या कांद्यांतले कांहीं कांदे परत ढिगावर टाकले.

मुलानें बाटली घेतली. पण ती उघडली नाहीं. त्यानें आधीं नखानें तें वेष्टन सोडविलें, मांडीवर सारखें केलें, आणि खिशांतून तसलींच दोन जुनीं वेष्टनें काढून त्यांच्या शेजारीं लावून पाहिलें. "हा नवा हाय. ह्याची मान लांब हाय," असें तो आपल्या धाकट्या बहिणीस म्हणाला. मग त्यानें बाटली तिच्या हातीं दिली. पेय दोघांनीं मिळून संपविलें खरें. परंतु त्याचें मन त्यांत नव्हतें. आईचे दहा रुपये गेले होते ते त्या लांब मानेच्या प्राण्यासाठीं.

तें पेय कोणाचें होतें हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. असा व्यवहार करणारे पुष्कळ आहेत, आणि एकाचें नांव घेतल्यानें बाकीचे निर्दोष ठरत नाहींत. आमचा प्रश्न निराळा आहे. त्या टपरीपुढें त्या दिवशीं कोणाकडून कांहीं अन्याय झाला काय? झाला असल्यास तो नेमका कोणता? कारण वरवर पाहतां तेथें कोणी चोरी केली नाहीं, कोणी बळजबरी केली नाहीं, आणि शब्दानें कोणी खोटेंहि बोललें नाहीं. बाटलींत गोड पाणी होतें आणि तें गोडच लागलें. किंमत छापलेली होती आणि तितकीच घेतली गेली. चित्रांतला प्राणीहि एके काळीं खरोखरच पृथ्वीवर होता. असें असतां आपलें मन का अस्वस्थ व्हावें?

प्रथम त्या मुलानें काय मागितलें तें पाहूं. त्यानें एका सत्य वस्तूची ओळख मागितली. डायनोसॉर हे कोणा कवीच्या कल्पनेंतले राक्षस नव्हत. भूमींत गाडल्या गेलेल्या त्यांच्या हाडांचा काळांतरानें दगड झाला, आणि तो दगड वाचण्याची विद्या मनुष्यानें संपादन केली. आपल्या देशांत ह्या विद्येचा आरंभ पुष्कळ जुना आहे. १८२८ सालीं विल्यम स्लीमन नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यास जबलपूरजवळच्या एका टेकडींत अशीं दगड झालेलीं हाडें सांपडलीं. आणि १८७७ सालीं रिचर्ड लायडेकर ह्या भूगर्भशास्त्रज्ञानें त्या प्राण्यास 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असें नांव दिलें. आपल्या महाराष्ट्रांतहि चंद्रपूर जिल्ह्यांतील डोंगरगांव येथें अशाच एका पाला खाणाऱ्या प्रचंड प्राण्याचे अवशेष निघाले. कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेच्या संशोधकांनीं त्याचें वर्णन १९९७ सालीं प्रसिद्ध केलें, आणि २००३ सालीं त्यास त्या संस्थेच्या नांवावरून 'आयसिसॉरस' असें नांव मिळालें. म्हणजे त्या मुलाच्या मांडीवरचा लांब मानेचा प्राणी परदेशचा पाहुणा नव्हता. त्याच्यासारखा एक जीव ह्याच महाराष्ट्राच्या भूमीवर चालून गेला होता.

शिरूर व दौंड ह्या तालुक्यांत अशीं हाडें कां सांपडत नाहींत, असें कोणी मूल विचारील तर त्याचें उत्तरहि मोठें मनोरम आहे. घोड आणि भीमा ह्या नद्यांच्या पात्रांत जो काळा खडक उघडा पडलेला आहे, तो पृथ्वीच्या पोटांतून बाहेर आलेल्या तप्त रसाचा थिजलेला थर आहे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं, ज्या सुमारास डायनोसॉरांचा वंश संपला, त्याच सुमारास हे थर एकावर एक पसरत होते. त्या नाशाचें मुख्य कारण आकाशांतून आजच्या मेक्सिको देशाच्या भागीं येऊन आदळलेला मोठा अशनि होता असें बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. दख्खनच्या ह्या अग्निरसाचाहि त्यांत कितपत वांटा होता ह्याविषयीं वाद चालू आहे. तात्पर्य इतकेंच कीं, जो मुलगा दहा रुपये देऊन चित्र विकत घेत होता, तो ज्या काळ्या दगडांवर अनवाणी उभा होता तो दगडच त्या गोष्टीचा साक्षी होता. हें त्यास कोणीं सांगितलें नव्हतें. शाळेनें सांगितलें नाहीं, कारण सहा महिने तो शाळेपासून दूर होता. आईबापांनीं सांगितलें नाहीं, कारण तें त्यांसहि कोणीं सांगितलें नव्हतें. आणि आम्हीं सांगितलें नाहीं, कारण आम्हांस तें महत्त्वाचें वाटलें नाहीं. टपरीवरच्या बाटलीनें मात्र त्याला हांक मारिली.

भाकर मागणाऱ्या लेकराच्या हातीं कोणता बाप धोंडा देईल, हा प्रश्न आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. येथें त्याच्या उलट घडलें. लेकरानें धोंडा मागितला, कोट्यवधि वर्षांचा, ज्ञानानें भरलेला धोंडा. आणि त्याच्या हातीं साखर ठेवण्यांत आली.

आतां विक्रेत्याकडे वळूं. प्राचीन प्राण्यास माल विकण्याच्या गाड्याला जुंपण्याची कल्पना आजची नव्हे. अमेरिकेंतील सिंक्लेअर नांवाच्या तेलाच्या कंपनीनें १९३० सालापासून आपल्या जाहिरातींत डायनोसॉर आणला, आणि १९३५ सालीं तिनें आपल्या पेट्रोलच्या दुकानांतून मुलांना डायनोसॉरांच्या चित्रांचीं तिकिटें व तीं चिकटविण्याची वही वांटली. मूल पेट्रोल घेत नाहीं. परंतु गाडी कोणत्या दुकानापुढें थांबवावी हें तें बापास सांगूं शकतें. १९९३ सालीं 'जुरासिक पार्क' हा चित्रपट निघाला, तेव्हां मॅकडोनाल्डच्या भोजनगृहांनीं जेवणाचें व पेयाचें मोठें माप 'डायनो' हें नांव देऊन विकलें. पहिल्या वेळीं मुलाला निदान वहीभर ज्ञान तरी मिळालें. दुसऱ्या वेळीं प्राण्याचा उपयोग पोटांत अधिक गोड पाणी जावें एवढ्यापुरताच उरला. आमच्या खेड्यांत जें येऊन पोंचलें आहे तें ह्या दुसऱ्या जातीचें आहे.

येथें विक्रेत्याच्या बाजूनें तीन गोष्टी बोलल्या जातात, आणि त्या पोकळ आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. पहिली ही कीं, ह्यांत खोटें कांहीं नाहीं. दुसरी ही कीं, मुलांना नाहीं म्हणणें हें आईबापांचें काम आहे, दुकानदाराचें नव्हे. तिसरी ही कीं, गरिबाच्या मुलानें कधीं तरी कांहीं गोड प्यालें तर जगाचें काय बिघडलें? श्रीमंतांचीं मुलें रोज पितात, तेव्हां कोणी निबंध लिहीत नाहीं.

ह्यांतील तिसरें म्हणणें आम्ही आधीं घेतों, कारण तें आमच्या जिव्हारीं लागणारें आहे. गरिबाच्या आनंदावर पहारा करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. सणाच्या दिवशीं गूळपोळी खाणारें मूल पाहून ज्याला दांतांची कीड आठवते त्याची संगत कोणासहि नको. परंतु हिशेब तरी खरा असावा. पुष्कळ कोला पेयांत दर १०० मिलिलिटरला सुमारें १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे २०० मिलिलिटरच्या लहान बाटलींत सुमारें २० ग्रॅम, अर्थात् चहाचे पांच चमचे. सहा-सात वर्षांच्या मुलाचा दिवसाचा आहार सुमारें १४०० ते १५०० उष्मांकांचा धरिला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या शिफारशीप्रमाणें अशा वरून घातलेल्या साखरेची कमाल मर्यादा सुमारें ३५ ग्रॅम येते, आणि त्याहून बरी म्हणून सांगितलेली मर्यादा सुमारें १८ ग्रॅम येते. एक लहान बाटली ही दुसरी मर्यादा एका बैठकींत ओलांडते. शिवाय त्या पेयांतील आम्ल दांतांवरचें कठीण कवच झिजवितें, आणि साखरेवर तोंडांतले जंतु पोसले जातात. ज्याच्या ताटांत दूध, डाळ व भाजी भरपूर आहे त्याला हा अपाय थोडा सोसतो; ज्याच्या आईनें बाटलीसाठीं कांदे परत टाकले त्याला तो दुप्पट लागतो, कारण त्याच्या पोटांत जें गेलें त्याच्याबरोबर जें गेलें नाहीं त्याचाहि हिशेब करावा लागतो. म्हणून श्रीमंताच्या मुलाचा दाखला येथें लागू पडत नाहीं. तथापि आम्ही हें मान्य करितों कीं, अपाय हा ह्या प्रश्नाचा गाभा नव्हे. पेय निरुपद्रवी असतें तरीहि आमच्या मनाची टोंचणी सर्वस्वीं गेली नसती.

आतां पहिलें म्हणणें. खोटें कांहीं नाहीं हें खरें. परंतु फसवणूक होण्यास खोटें बोलावेंच लागतें असें नाहीं. ज्या स्लीमन साहेबांस हिंदुस्थानांतील डायनोसॉराचीं हाडें सांपडलीं, ते लोकांस अधिक ठाऊक आहेत ते ठगांच्या बंदोबस्ताबद्दल. ठगांच्या रीतीविषयीं त्यांनीं जें लिहून ठेविलें त्यांत एक गोष्ट वारंवार येते ती ही कीं, ठग वाटसरूशीं प्रथम मैत्री करीत असे. तो त्याच्यासंगें चाले, त्याच्यासंगें जेवी, वाटेंतल्या भयाच्या गोष्टी बोलून त्याला धीर देई. त्याचे शब्द कदाचित् खरेहि असत. खोटी होती ती मैत्री. पेय विकणाऱ्यास ठगाच्या पंक्तीस बसविण्याचा आमचा हेतु नाहीं. तसें करणें अन्यायाचें होईल, कारण येथें कोणी कोणाचा जीव घेत नाहीं. परंतु रीतींतील साम्य विचार करण्याजोगें आहे. मुलाच्या दृष्टीनें तो डायनोसॉर त्याचा सोबती आहे. तो सोबती कोणाच्या चाकरींत आहे हें त्यास कळत नाहीं, आणि कळणें शक्यहि नाहीं. सात-आठ वर्षांच्या आंतील मुलांना जाहिरातीमागचा हेतु नीट ओळखतां येत नाहीं, असें मानसशास्त्रज्ञांनीं अनेक वेळां तपासून सांगितलें आहे. मोठ्या मनुष्यास जाहिरात दाखविली तर तो मनांत म्हणतो, हा मला कांहीं विकूं पाहत आहे. आणि तेवढी ढाल घेऊन तो उभा राहतो. मुलाजवळ ती ढाल नाहीं. निःशस्त्राशीं केलेलें युद्ध जसें शूराचें नव्हे, तसा निःशंकाशीं केलेला सौदा सज्जनाचा नव्हे.

राहिलें दुसरें म्हणणें, म्हणजे आईबापांचें कर्तव्य. तें कर्तव्य आहे ह्यांत संशय नाहीं. परंतु त्या बाजारांत काय झालें तें पुन्हां आठवा. विक्रेत्यानें आईला कांहींच विकलें नाहीं. आईपुढें तो आला असता तर तिनें कांदे अधिक घेतले असते. म्हणून तो तिच्यापुढें आला नाहीं. त्यानें तिच्याच लेकराला तिच्याकडे वकील म्हणून पाठविलें. ज्या मायेच्या बळावर मूल आईला हांक मारितें, ती मायाच तिच्याविरुद्ध उभी करण्यांत आली. आईनें नाहीं म्हटलें असतें तर ती मुलाच्या नजरेंत कठोर ठरली असती आणि बाटलीवरचा प्राणी प्रेमळ ठरला असता. दिवसभर कोयता चालवून, मोळ्या डोक्यावर वाहून, बाजारांत उभी राहिलेली बाई असल्या परीक्षेंत नापास झाली, म्हणून तिला दोष देणारे आपण कोण? ज्यानें तिच्यासाठीं ती परीक्षा योजिली त्यानें तिच्या नापास होण्यावरच आपला हिशेब बसविला होता.

तेव्हां अन्याय कोणता हें आतां सांगतां येईल असें आम्हांस वाटतें. तो तिहेरी आहे. मुलाच्या भोळेपणाचा उपयोग त्याच्याच विरुद्ध केला गेला. आई व मूल ह्यांच्या मध्यें तिसरा मनुष्य न दिसतां येऊन उभा राहिला. आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, ती ही कीं, कुतूहलास मोल लाविलें गेलें. मनुष्याच्या मनांतील आश्चर्य ही फुकट मिळालेली देणगी आहे. आकाश पाहण्यास कोणी दाम मागत नाहीं. परंतु ज्या मुलाला प्रत्येक नवल बाटलीला चिकटूनच भेटतें, तें मूल हळूहळू असें शिकतें कीं, नवल विकत मिळतें, आणि जें विकत मिळत नाहीं तें नवल नव्हे. मग त्याच्या पायांखालचा काळा खडक त्याला नुसता खडक वाटतो. दांत किडला तर काढतां येतो. ही कीड लागली तर ती काढावयास कोणाकडे जावें?

येथपर्यंत आम्हीं परक्यांविषयीं लिहिलें. आतां आपणांविषयीं लिहिलें पाहिजे, नाहीं तर हा निबंध अप्रामाणिक होईल. शिरूर व दौंड हे साखरेचे तालुके आहेत. घोडच्या धरणाचें पाणी, खडकवासल्याचा कालवा, भीमेचा कांठ ह्यांच्या आधारानें येथें ऊस उभा राहिला. न्हावरें, पाटस ह्या गांवांचीं नांवें दूरच्या लोकांस कळलीं तीं साखर कारखान्यांमुळें. केडगांव-राहू बाजूच्या गुऱ्हाळांचा वास ज्याच्या नाकांत बसला आहे त्याला तो जन्मभर सुटत नाहीं. आमच्या मुलांच्या शाळेचे पैसे, लग्नांचे मांडव, विहिरींचीं बांधकामें, पुष्कळांच्या घरचीं मीठ-भाकर, हीं सर्व उसांतून आलीं. आणि तो ऊस तोडावयास बीड व नगर बाजूच्या दुष्काळी गांवांतून जोडपीं येतात. उचल घेतलेली असते, ती फेडीपर्यंत कोयता खालीं ठेवितां येत नाहीं. त्यांचीं मुलें फडाच्या कडेला, कोपींत, बैलांच्या शेजारीं वाढतात. म्हणजे ज्या मुलानें तीं चित्रें जमविलीं, त्याच्या आईबापांच्या हातांनीं तोडलेल्या उसासारख्याच उसाची साखर त्या बाटलींत होती. साखर त्याच्या कोपीवरून कारखान्यांत गेली, आणि डायनोसॉराचें सोंग घेऊन त्याच्याच खिशाकडे परत आली. मधल्या सर्व वाटेवर ज्यांनीं ज्यांनीं कांहीं मिळविलें त्यांत आम्हीहि आहों. ऊस पिकविणें हें पाप नव्हे. परंतु आपल्या शेतांतून निघालेली वस्तु शेवटीं कोणाच्या तोंडीं, कोणत्या युक्तीनें जाते, हें विचारण्याची जबाबदारी शेताच्या बांधावर संपत नाहीं.

आणखी एक कबुली आहे. मुलांना गोड दाखवून बोलावण्याची रीत काय एकट्या कंपन्यांनींच काढिली? वर्ग भरावा म्हणून आम्ही गोळ्या वांटतों. मुलांनीं कार्यक्रमांत गावें म्हणून खाऊचें आमिष दाखवितों. हजेरीचा तक्ता भरलेला दिसावा म्हणून बक्षीस ठेवितों. आमचा हेतु चांगला आहे हें खरें. पण प्रत्येक आमिष दाखविणारा आपला हेतु चांगलाच समजतो. तेव्हां देणगी आणि आमिष ह्यांत भेद करणारी कांहीं कसोटी आहे काय?

आम्हांस वाटतें, आहे. आणि ती ह्याच दौंड तालुक्यांत मिळते. केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं मुक्ति सदन वसविलें तें १८९६-९७ च्या दुष्काळाच्या दिवसांत. मध्यप्रांतांत जाऊन त्यांनीं उपाशी मुली व बालविधवा आणिल्या. त्या दिवसांत भुकेल्या मुलींस अन्न दाखवून नेणारे दुसरेहि होते, आणि ते त्यांना कोठें नेत असत हें रमाबाईंस ठाऊक होतें; म्हणूनच त्यांनीं घाई केली. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही कृत्यें सारखींच दिसलीं असतीं: कोणी एक मनुष्य भुकेल्या मुलीपुढें भाकर धरितो आणि तिला बरोबर नेतो. त्या काळीं दुष्काळांत अन्न देणाऱ्या मिशनांवर पुष्कळांनीं हाच आरोप केला कीं, हें अन्न नव्हे, गळाला लाविलेलें आमिष आहे. तो आरोप रागानें झटकून टाकण्याजोगा नाहीं. प्रत्येक देणाऱ्यानें तो स्वतःस लावून पाहावा असा तो आहे.

कसोटी ही कीं, दिलेली वस्तु कोणासाठीं आहे? घेणाऱ्यानें पुढें काहींच परत केलें नाहीं, तर देणारा देतच राहील काय? घेणारीच्या आईसमोर, उजेडांत, आपला सर्व हेतु बोलून दाखवून तो ती वस्तु देऊं शकेल काय? आणि कांहीं वर्षांनीं तें मूल मोठें होऊन सर्व समजून घेईल, तेव्हां तें त्याचे आभार मानील, कीं आपण फसविले गेलों असें म्हणेल? ज्यानें भुकेल्या मुलीला अन्न दिलें, अक्षर दिलें, हाताला काम दिलें आणि तिला स्वतःच्या पायांवर उभें केलें, त्याची देणगी ह्या प्रश्नांपुढें टिकते. बाटलीवरचा डायनोसॉर टिकत नाहीं. विक्री थांबतांच तो प्राणी दुसऱ्या दिवशीं नाहींसा होईल आणि त्याच्या जागीं दुसरें कांहीं येईल. आमच्या गोळ्या टिकतात कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें आपल्या मनाशीं ठरवावें.

सरकारनें ह्या बाबतींत कांहीं केलें नाहीं असें नाहीं. २०१७ सालीं महाराष्ट्र शासनानें शाळांच्या उपाहारगृहांतून अति साखरेचे, मिठाचे व चरबीचे पदार्थ विकण्यास मनाई केली. २०२० सालच्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांनीं असे पदार्थ शाळेच्या आवारांत व दारापासून पन्नास मीटरांच्या आंत मुलांना विकण्यास बंदी घातली, आणि त्यांच्या जाहिरातींसहि. २०२२ सालच्या जूनमध्यें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जाहिरातींविषयीं जे नियम केले, त्यांत मुलांना गरज नसतां वस्तु घ्यावयास लावण्यासाठीं भेटवस्तूंचें आमिष दाखवूं नये असें स्पष्ट म्हटलें आहे. हे नियम चांगले आहेत, आणि ज्या गांवीं ते पाळले जात नाहींत तेथील पालकांनीं व शिक्षकांनीं ते दुकानदारास शांतपणें दाखवावे. परंतु नियमाची दोरी कोठपर्यंत पोंचते तेंहि पाहा. ज्या मुलाला सहा महिने शाळेचें दारच नाहीं, त्याच्यासाठीं दारापासूनचे पन्नास मीटर कोठून मोजावयाचे? त्याच्या बाबतींत कायद्याच्या पुढें उरतात ते शेजारी, म्हणजे तुम्ही आणि आम्ही.

मग आम्हीं काय करावें? मुलांच्या हातून बाटली हिसकावून घेणें हा उपाय नव्हे. तेणेंकरून प्राणी अधिकच प्रिय होईल. ज्या भुकेला बाटलीनें उत्तर दिलें तिला आपण खरें उत्तर द्यावें, हा उपाय आहे. त्या मुलाच्या खिशांतलीं तीन वेष्टनें पाहून हंसूं नये. तीं त्याची पाठशाळा आहेत, आणि ती त्याला दुसऱ्या कोणीं दिली नाहीं म्हणून त्यानें बाटल्यांवरून गोळा केली. सुटीच्या दिवशीं चार मुलांना, त्यांत फडावरचीं दोन असतील तर फारच उत्तम, घोडनदीच्या कांठीं न्यावें. काळ्या खडकाच्या पोकळ्यांत पांढरे चकाकणारे स्फटिक सांपडतात; ते दाखवावे आणि हा खडक एके काळीं वाहत होता हें सांगावें. ज्यांस शक्य असेल त्यांनीं इनामगांवची गोष्ट सांगावी, जेथें डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनीं १९६८ पासून पुढें पुष्कळ वर्षें खणून तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचें एक खेडें उजेडांत आणिलें. त्या खेड्यांतले लोक आपलीं मेलेलीं लेंकरें दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत आणि घराच्या जमिनीखालींच पुरीत. इतक्या जुन्या काळीं ह्याच नदीकांठीं आईबापांस लेंकरू घरापासून दूर जाऊं नये असें वाटत होतें. ही गोष्ट ऐकून कोणतें मूल गप्प राहील? आणि घरीं परत आल्यावर तहान लागली तर माठांतलें पाणी आहे, ताक आहे. कधीं उसाचा रसहि असूं द्यावा, तो तहानेसाठीं मागितलेला असला म्हणजे झालें.

ह्यास पैसा लागत नाहीं, वेळ लागतो. आणि येथेंच आमची खरी अडचण आहे. कंपनीनें मुलाच्या कुतूहलासाठीं चित्रकार ठेविला, छापखाना ठेविला, गाड्या लावून तें चित्र फडाच्या टोंकापर्यंत पोंचविलें. इतका खटाटोप आम्हीं त्या मुलासाठीं कधीं केला? तिनें तो आपल्या लाभासाठीं केला हें खरें, पण केला. आणि आम्ही, जे प्रीतीच्या गोष्टी बोलतों, ते घरीं बसून राहिलों. रिकाम्या राहिलेल्या घरांतच परका येऊन राहतो.

त्या दिवशीं बाजार उठतांना आम्हीं त्या मुलाजवळ जाऊन त्याचीं चित्रें पाहिलीं व लांब मानेच्या प्राण्याचें नांव त्याला सांगितलें. त्याच्यासारखा एक प्राणी आपल्याच राज्यांत, चंद्रपुराकडे, जमिनींत सांपडला आहे असेंहि सांगितलें. त्यानें वेष्टनाकडे पाहिलें, मग आमच्याकडे पाहिलें, आणि विचारलें, "त्यो बघाया पैसं लागत्यात का?"

ह्या प्रश्नाचें उत्तर देण्याचें काम आपलें आहे.